रामबाग ते महू: एका कुलूपबंद पेनड्राइव्हचं प्रकरण

इंदूरच्या रामबागेत महिलांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था आहे. मी तिचे संगणक सांभाळते. घरात मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या, पोटगीसाठी कोर्टाच्या चकरा मारणाऱ्या बायका इथे येतात. समुपदेशक त्यांचं म्हणणं ऐकून लिहून घेतात, कागदपत्रं जमवायला मदत करतात. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली अर्ज करायचा असेल, तर संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत सोबतही जातात. दर शुक्रवारी हेच काम महूला, एका ओळखीच्यांनी दिलेल्या खोलीत चालतं.

महूच्या त्या खोलीत इंटरनेट भरवशाचं नाही, आणि बायकांच्या नोंदी क्लाउडवर ठेवायच्या नाहीत असं संस्थेनं आधीच ठरवलेलं आहे. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी रामबागेतल्या डेस्कटॉपवरून लागतील त्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, शुक्रवारी महूच्या नेटबुकवर उघडायच्या, नव्या नोंदी घालायच्या आणि परत आणायच्या, अशी पद्धत पडली होती. दोन्ही यंत्रं कुणी ना कुणी दिलेली आहेत. विंडोज ७ ला मिळणारी दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, तेव्हापासून दोन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. डेस्कटॉपवर तिचा मिंट हा प्रकार आणि ८ जीबी रॅम. नेटबुकवर हलका डेबियन आणि जेमतेम १ जीबी रॅम. हा १ जीबीचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

एका शुक्रवारी परतताना ती पेनड्राइव्ह रिक्षात राहिली. रिक्षावाला भला माणूस. ज्याची वस्तू त्याला द्यावी म्हणून त्यानं ती एका मोबाइलच्या दुकानात नेली, दुकानदाराकडून संगणकाला लावून घेतली, पहिली फाइल उघडली आणि त्यात जो पहिला फोन नंबर दिसला तो फिरवला. तो आमच्याकडे आलेल्या एका बाईच्या बहिणीचा होता. "दीदी, आपकी पेनड्राइव रह गई थी," असं त्यानं सांगितलं. बहिणीनं त्या बाईला कळवलं, बाईनं आमच्या संस्थेच्या ताईंना, आणि दोन तासांत पेनड्राइव्ह संस्थेत परत आली.

त्याच अर्जात दोन ओळी खाली नवऱ्याचा नंबर होता.

कुणापासून जपायचं

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सुरुवातीला बोलणं कायद्यावर गेलं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा ऐकून सगळे गप्प झाले. ताईंनी मात्र विचारलं, "दंडाचं राहू द्या. या फायलींमधली कोणती ओळ बाहेर गेली तर बाईच्या जिवावर बेतेल?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ती आज कुठे राहते, तो पत्ता. माहेर असेल, मैत्रिणीची खोली असेल, निवारागृह असेल. बाकी सगळं कळलं तर बदनामी होईल, त्रास होईल. पत्ता कळला तर नवरा दारात उभा राहील.

त्या प्रश्नानं पुढचं बरंच काम सोपं केलं. आम्हाला एखाद्या मोठ्या टोळीशी लढायचं नव्हतं. पेनड्राइव्ह हरवते, कुणाला तरी सापडते. समुपदेशकाच्या पर्समधून घरातलंच कुणी ती काढून बघतं. एखादा नवरा, दीर, ओळखीचा वकील मुद्दाम मिळवतो आणि चार दिवस डोकं लावतो. या तिन्ही वेळी वस्तू हातात असूनही आतलं एक अक्षर वाचता येऊ नये, एवढी गरज. रिक्षावाल्यासारख्या सज्जन माणसालाही ते दिसायला नको. त्यानं तर मदत म्हणूनच फाइल उघडली होती.

पासवर्ड घातलेली झिप फाइल कुणीतरी सुचवली. ती नको म्हणण्याची दोन कारणं. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी फायलींची नावं दिसतात, आणि आमच्या फायली बायकांच्या नावानंच असतात. शिवाय काम करायचं तर झिप सोडवावी लागते, म्हणजे उघडी प्रत कुठेतरी तयार होते आणि ती पुसायचं राहून जातं. वेराक्रिप्ट हा फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम चांगला पर्याय आहे. विंडोजवर फायली उघडायच्या असत्या तर मी तोच निवडला असता. आमची दोन्ही यंत्रं लिनक्सवर असल्यामुळे लिनक्सचीच सोय घेतली. डीएम-क्रिप्ट हा भाग २००४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे, त्यावर लक्स नावाची मांडणी, आणि दोन्ही चालवणारी आज्ञा क्रिप्टसेटअप. इथे एकेक फाइल स्वतंत्रपणे बंद होत नाही. पूर्ण पार्टिशन, म्हणजे पेनड्राइव्हवरचा आखलेला अख्खा भाग, खालपासून एन्क्रिप्ट होतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात जातं. नावं, आकार, पुसलेल्या फायलींचे अवशेष, सगळं त्यात येतं.

डिस्क्स नावाच्या खिडकीच्या प्रोग्राममधूनही लक्सची पेनड्राइव्ह करता येते. एकट्या माणसाला तेवढं पुरे. आम्हाला वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळ्या किल्ल्या हव्या होत्या आणि त्या जुन्या नेटबुकचा विचार करून काही आकडे हातानं ठरवायचे होते. त्यासाठी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, लागतं.

नवीच पेनड्राइव्ह का

जुनी पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करून वापरावी असा आग्रह होता, पैसे वाचतील म्हणून. त्याला मी ठाम नकार दिला. फ्लॅश मेमरीतला नियंत्रक झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून लिखाण सतत वेगवेगळ्या जागी फिरवत असतो आणि काही जागा राखीव ठेवतो. वरून पूर्ण पुसली तरी त्या राखीव जागांत जुना मजकूर राहू शकतो आणि आपल्याला तो दिसतही नाही. जिच्यावर पत्ते एकदा उघडे लिहिले गेले, ती पेनड्राइव्ह फोडूनच टाकायची. आम्ही आतली चिप हातोडीनं फोडली.

जेल रोडवरून ३२ जीबीच्या दोन नव्या आणल्या. लेखी नोंदींना ३२ जीबी भरपूर होतात. एक वापराला, दुसरी प्रतीसाठी. नव्या वस्तूवरही आधी एफ३ हा क्षमता तपासणारा प्रोग्राम चालवला. बाजारात खोट्या क्षमतेच्या पेनड्राइव्ह फिरतात. वर ३२ लिहिलेलं, आत ४, आणि ४ भरल्यावर पुढचं लिखाण मुकाट्यानं वाया जातं. एफ३राइट एकेक जीबीच्या फायली लिहून जागा भरतो, एफ३रीड त्या परत वाचून पडताळतो. वेळ लागतो, पण एन्क्रिप्ट केल्यावर अशी खोट उघडकीला आली तर आतलं काहीच हाती न लागण्याची भीती असते. आमच्या दोन्ही खऱ्या निघाल्या.

टर्मिनलवर

खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहायच्या. अक्षरं लहानच, फक्त लक्सनं सुरू होणाऱ्या आज्ञांत 'लक्स'पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं (luksFormat, luksAddKey). सुरुवातीचा सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं.

सगळ्यात धोक्याची पायरी पहिलीच आहे: कोणतं उपकरण, हे ओळखणं. पेनड्राइव्ह लावायच्या आधी एकदा एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा द्यायची, लावल्यानंतर पुन्हा एलएसबीएलके. जी नवी ओळ दिसेल ती आपली. आमच्याकडे ती एसडीबी होती आणि आकार २९ जीबीच्या आसपास. हा आकार कमी दिसला म्हणून घाबरू नये. पाकिटावरचे ३२ जीबी हजाराच्या पटीतले असतात आणि एलएसबीएलके १०२४ च्या पटीत मोजतो. एसडीए ही बहुतेक वेळा संगणकाची स्वतःची डिस्क असते. एका अक्षराची चूक झाली तर तीच पुसली जाते. माझा नियम असा की आकार आणि कंपनीचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि शेजारच्या माणसानं हो म्हणायचं. दर वेळी.

आपोआप माउंट झालं असेल, म्हणजे वापरासाठी जोडलं गेलं असेल, तर यूमाउंट करून सोडवायचं. मग नवं जीपीटी पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग नोंदवणारा तक्ता) आणि त्यात एकच पार्टिशन:

सुडो पार्टेड --स्क्रिप्ट /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी एमकेपार्ट नोंदी १एमआयबी १००%

इथे घाईत माझ्या हातून निसटू नये म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली होती: पार्टिशनचं नाव निरुपद्रवी असायला हवं. ते उघडं असतं आणि पासफ्रेज (अनेक शब्दांचा लांब पासवर्ड) नसलेल्यालाही दिसतं. लक्सच्या स्वतःच्या लेबलचंही तसंच. संस्थेचं नाव तिथे घालणं म्हणजे सापडणाऱ्याला आत काय आहे ते सांगणं. खरं नाव द्यायचंच असेल तर आतल्या फाइल सिस्टिमला द्यावं. ते कुलपाच्या आत राहतं.

आता मुख्य आज्ञा:

सुडो क्रिप्टसेटअप लक्सफॉरमॅट --टाइप लक्स२ --पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४ /डेव्ह/एसडीबी१

ती इशारा देते आणि होकार मोठ्या (कॅपिटल) लिपीत, वाय-ई-एस, असा लिहायला सांगते. मग पासफ्रेज दोनदा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. महूची समुपदेशक शिकताना इथेच थांबली होती, कीबोर्ड बिघडला असं समजून.

मधला तो मेमरीचा आकडा समजून घेण्यासारखा आहे. लक्स२ मध्ये पासफ्रेजवरून किल्ली काढायचं काम अर्गॉन२ करतो. २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत निवडली गेलेली ही पद्धत मुद्दाम भरपूर मेमरी खाते, म्हणजे पासफ्रेज ओळखायला बसलेल्याला हजारो प्रयत्न एकाच वेळी स्वस्तात करता येत नाहीत. क्रिप्टसेटअप ज्या यंत्रावर चालतो त्याची ताकद बघून हा आकडा ठरवतो. आमच्या ८ जीबीच्या डेस्कटॉपवर तो सरळ १ जीबीपर्यंत जातो. आणि उघडतानाही तेवढीच मेमरी लागते! ज्या नेटबुकमध्ये सगळी मिळून १ जीबी आहे, तिथे अशी पेनड्राइव्ह पासफ्रेज अचूक असूनही उघडणार नाही. मेमरी अपुरी असल्याचा संदेश येईल. महूच्या खोलीत समोर बाई बसलेली असताना हे कळणं परवडणारं नव्हतं. म्हणून २६२१४४ किलोबाइट, म्हणजे २५६ एमबी, हे आधीच बांधून दिलं. त्यामुळे संरक्षण काही अंशी उतरतं. ते पासफ्रेजची लांबी वाढवून भरून काढलं, त्याबद्दल पुढे.

एवढं करून पेनड्राइव्ह नेटबुकला लावून पाहिली, एकही खरी फाइल न घालता. उघडली. डेस्कटॉपवर दोनेक सेकंदांत उघडणारं कुलूप तिथे बरंच रेंगाळतं, कारण प्रोसेसर दुबळा आहे. म्हणून महूच्या भिंतीवरच्या कागदावर लिहिलं आहे: "अडकलं असं वाटलं तरी उपसू नका, थांबा."

उरलेलं काम चटकन होतं.

सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीबी१ नोंदी

सुडो एमकेएफएस.एक्स्ट४ -एम ० /डेव्ह/मॅपर/नोंदी

पहिल्या आज्ञेनं मॅपरखाली उघडं उपकरण तयार होतं, दुसरीनं त्यावर फाइल सिस्टिम. -एम ० मुळे रूटसाठी (प्रशासकाच्या खात्यासाठी) राखली जाणारी ५ टक्के जागा वाचते. माउंट केल्यावर चाऊन या आज्ञेनं मालकी आपल्या खात्याकडे घ्यावी लागते, नाहीतर एक्स्ट४ च्या मुळाशी रूटच मालक राहतो आणि साध्या खात्याला फाइल लिहिता येत नाही. दोन्ही यंत्रांवरच्या खात्यांचा अंकी क्रमांक एकच आहे ना, हे आयडी -यू देऊन बघून घ्यावं. आमच्याकडे दोन्हीकडे १००० होता, त्यामुळे अडचण आली नाही.

बंद करताना क्रम उलटा: यूमाउंट, मग क्रिप्टसेटअप क्लोज नोंदी. यूमाउंटला वेळ लागतो कारण मेमरीत अडकलेलं लिखाण तेव्हा खाली उतरतं.

रोजच्या वापरात समुपदेशकांना सुडो द्यावा लागू नये म्हणून यूडिस्क्ससीटीएल ही सुडोशिवाय चालणारी आज्ञा वापरली: अनलॉक, माउंट, आणि निघताना अनमाउंट, लॉक, पॉवर-ऑफ. या दोन क्रमांच्या दोन छोट्या स्क्रिप्ट केल्या, एक उघडायची, एक बंद करायची. त्यांत एसडीबी असं न लिहिता पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहिला, म्हणजे दुसरं काही लावलेलं असलं तरी गल्लत होत नाही.

किल्ल्या

इथवरचं काम एका दुपारचं. बैठकीत खरा वेळ गेला तो किल्ल्या कुणाकडे असाव्यात यावर, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. एन्क्रिप्शन चोख असलं आणि पासफ्रेज एकाच माणसाला ठाऊक असली, तर तो माणूस आजारी पडला की बायकांच्या नोंदी गेल्या. पासफ्रेज सगळ्यांना ठाऊक असली तर कुलूप असून नसल्यासारखं.

लक्सची रचना इथे कामाला येते. पार्टिशन ज्या किल्लीनं एन्क्रिप्ट होतं ती यंत्रानं स्वतः निवडलेली लांबलचक यादृच्छिक संख्या असते, तिला मूळ किल्ली म्हणू. आपली पासफ्रेज त्या मूळ किल्लीची एक प्रत उघडते, आणि अशा प्रती वेगवेगळ्या स्लॉटमध्ये ठेवता येतात. लक्स१ मध्ये ८ स्लॉट होते, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत. प्रत्येकाची पासफ्रेज वेगळी, आतला मजकूर एकच. कुणाची पासफ्रेज बदलली किंवा काढली तरी फायली पुन्हा लिहाव्या लागत नाहीत.

हे ऐकल्यावर कोषाध्यक्ष काका, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत, लगेच म्हणाले, "अगं, हे तर आमच्या तिजोरीसारखं झालं. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, आणि दुसरा संच सीलबंद करून दुसऱ्या शाखेत." त्यांच्या या बोलण्यावरूनच आमची मांडणी ठरली.

पहिला स्लॉट ताईंचा. दुसरा महूच्या समुपदेशकाचा. तिसरा कुणाचाच नाही, तो अडीअडचणीचा. तिसऱ्या स्लॉटची पासफ्रेज १० शब्दांची केली, ५ शब्द एका पाकिटात, ५ दुसऱ्यात. एक पाकीट काकांच्या बँक लॉकरमध्ये, दुसरं संस्थेच्या वकीलबाईंकडे. एकाच्या हाती अर्धी पासफ्रेज पडली तर उरलेले ५ शब्द ओळखणं फार सोपं राहू नये, म्हणून एकूण लांबी १० ठेवली. ६ शब्द तीन-तीन वाटले असते तर एकच पाकीट बरंच घातक ठरलं असतं.

नवा स्लॉट घालायची आज्ञा:

सुडो क्रिप्टसेटअप लक्सअॅडकी --पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४ /डेव्ह/एसडीबी१

मेमरीचा आकडा इथेही द्यावाच लागतो. प्रत्येक स्लॉट आपला हिशेब स्वतंत्र ठेवतो. विसरलं तर ताईंची पासफ्रेज नेटबुकवर चालेल आणि समुपदेशकाची चालणार नाही. शेवटी लक्सडम्प देऊन प्रत्येक स्लॉटपुढे मेमरी २६२१४४ च आहे ना ते तपासलं. आधीच जास्त आकड्यानं झालेला स्लॉट असेल तर लक्सकन्व्हर्टकी या आज्ञेनं, त्याच पासफ्रेजवर, तो बदलता येतो.

पासफ्रेज

ताईंनी आधी सुचवलेली पासफ्रेज त्यांच्या कुलदैवताचं नाव आणि जन्मसाल अशी होती. नवरा, दीर, शेजारी यांना पहिल्या शंभरात सुचेल अशी. माणूस मनानं जे निवडतो ते त्याला ओळखणारा दुसरा माणूस निवडू शकतो. म्हणून फाशांवर सोडलं. चार वेळा फासा टाकला की ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १२९६ शक्यता होतात; तेवढ्या शब्दांची यादी असली की चार दानांत एक शब्द मिळतो. इंग्रजी याद्या तयार मिळतात. आमच्या समुपदेशकांना इंग्रजी शब्द लक्षात राहत नव्हते, म्हणून मराठी यादी केली: कणीस, पायरी, तवा, मोगरा, रुमाल असे घरगुती, ठसठशीत शब्द.

यादी करताना एक अडचण आली. पासफ्रेज रोमन अक्षरांतच टाइप करायची, हे मी पक्कं केलं होतं. देवनागरी कळफलक कधी सुरू असतो, कधी नसतो, आणि पडद्यावर काही दिसत नसल्यानं ते कळत नाही. शिवाय दिसायला एकच असलेलं अक्षर आतून दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. पण रोमनमध्ये मराठी शब्द प्रत्येकजण वेगळा लिहितो. झाड कुणी झेडनं लिहितं, कुणी जे-एचनं. असे दोन तऱ्हांनी लिहिता येणारे शब्द यादीतून गाळले. चूल गेली, शेगडी गेली, वाळा गेला. राहिले ते असे शब्द, जे रामबागेतला माणूस आणि महूतला माणूस एकसारखेच लिहील. यादी करायला फार दिवस लागले आणि त्यात आमच्या तिन्ही समुपदेशकांचा हात आहे. मला ती या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

प्रत्येकीची पासफ्रेज ७ शब्दांची. शक्यता होतात ६ वर २१ शून्यं, त्याहून थोड्या जास्तच. कुणी सेकंदाला १० लाख प्रयत्न केले, जे अर्गॉन२ समोर अवास्तवच आहे, तरी सगळ्या शक्यता संपवायला सुमारे १९ कोटी वर्षं लागतील. पडलेले शब्द आवडले नाहीत म्हणून पुन्हा फासे टाकायचे नाहीत आणि क्रम बदलून वाक्य जुळवायचं नाही, एवढी अट. पाठ होईपर्यंत ताईंनी कागद स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवला होता. मग तो माझ्यासमोर जाळला.

हरवली तर परत कशी येणार

रिक्षावाल्याच्या प्रसंगातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. त्यानं फाइल उघडली म्हणून तर पेनड्राइव्ह परत मिळाली. आता कुणाला काही दिसणारच नाही. विंडोजला लावली तर ती डिस्क फॉरमॅट करू का, असं विचारू शकेल, आणि सापडणारा कदाचित हो म्हणेल.

शेजारी एक लहानसं उघडं पार्टिशन ठेवून त्यात फोन नंबर लिहावा, असं एका समुपदेशकानं सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या ते सहज होतं. मी विरोध केला, कारण उघडी जागा असली की घाईच्या दिवशी कुणीतरी "तात्पुरती" म्हणून एक फाइल तिथे टाकणारच. त्याऐवजी पेनड्राइव्हच्या कडीला प्लास्टिकची चकती अडकवली. तिच्यावर हिंदीत "मिले तो कृपया फ़ोन करें" आणि संस्थेचा एक जादा मोबाइल नंबर. संस्थेचं नाव नाही, महू नाही, रामबाग नाही. सज्जन माणसाला ती संगणकाला लावायची गरजच पडू नये, हा त्यामागचा विचार. आणि कुणी फॉरमॅट केलीच, तर दुसरी पेनड्राइव्ह आहे. ती तशीच एन्क्रिप्ट केलेली, रामबागेतल्या लोखंडी कपाटात असते, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आरसिंक या प्रती घेणाऱ्या आज्ञेनं तिच्यावर प्रत जाते. एन्क्रिप्शन केलं की प्रतीची गरज दुप्पट होते, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. साध्या पेनड्राइव्हचा एखादा भाग खराब झाला तर चार फायली जातात. इथे हेडर (पार्टिशनच्या सुरुवातीचा, किल्ल्यांचे स्लॉट असलेला भाग) खराब झाला तर पासफ्रेज पाठ असूनही काहीच उरत नाही.

हेडरची वेगळी प्रतही घेतली, लक्सहेडरबॅकअप या आज्ञेनं. साधारण १६ एमबीची फाइल होते. तिच्याबद्दल एक सावधगिरी हवी: जुन्या हेडरमध्ये जुने स्लॉट जिवंत असतात. पेनड्राइव्हवरून एखादी पासफ्रेज काढून टाकली आणि हेडरची जुनी प्रत कुठे राहिली, तर ती काढलेली पासफ्रेज त्या प्रतीच्या मदतीनं पुन्हा चालते.

एन्क्रिप्शनच्या हद्दीबाहेरचं बरंच काही उरतं, ते समुपदेशकांना स्पष्ट सांगितलं. पेनड्राइव्ह उघडी असेपर्यंत ती सगळ्यांनाच उघडी आहे. झाकण मिटून नेटबुक झोपवला तरी किल्ली मेमरीत राहते. चहाला उठतानाही बंद करायची स्क्रिप्ट चालवायची. फायली थेट पेनड्राइव्हवरच उघडायच्या, संगणकाच्या पडद्यावर ओढून ठेवायच्या नाहीत. तरीही अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी, चित्रांच्या छोट्या प्रती, लिबरऑफिसची आपोआप जतन होणारी कामाची प्रत, स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर उतरणारा मेमरीतला मजकूर), हे सगळं नेटबुकच्या स्वतःच्या डिस्कवर सांडतं. थंबनेल आणि अलीकडच्या फायलींची यादी बंद केली. स्वॅपसाठी आणि तात्पुरत्या फायलींसाठी एकच खरा उपाय आहे, नेटबुकची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून डेबियन नव्यानं बसवणं. इन्स्टॉलरमध्ये तो पर्याय असतो. ते काम पावसाळ्याआधी धरलं आहे. तोवर नेटबुक महूत न ठेवता दर शुक्रवारी सोबत आणला जातो.

समुपदेशक बदलली तेव्हा

काही महिन्यांनी महूची समुपदेशक लग्न होऊन बडोद्याला गेली. तिचा स्लॉट काढायचा असं मी म्हटल्यावर ताईंना वाईट वाटलं. "इतकी वर्षं आपल्याबरोबर होती ती. विश्वास नाही का आपला तिच्यावर?" मी त्यांना म्हटलं, "ताई, तिच्यावर आहे. पण उद्या कुणी तिला गाठून पासफ्रेज मागितली, तर तिला खरंच सांगता यायला हवं, की माझी आता चालत नाही." हे त्या मुलीलाच फोनवर विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "ताई, लगेच काढा. माझ्या डोक्यावरचं ओझं जाईल."

लक्सकिलस्लॉट या आज्ञेनं तिचा स्लॉट काढता आला असता, आणि हेडरची प्रत तिच्याकडे कधी गेलीच नव्हती, त्यामुळे तेवढंही पुरलं असतं. मूळ किल्लीच बदलायची तर लक्स२ मध्ये रीएन्क्रिप्टची सोय आहे, पण त्यात बाकीचे स्लॉट टिकवायचे तर त्या सगळ्यांच्या पासफ्रेज द्याव्या लागतात, म्हणजे काकांचं आणि वकीलबाईंचं, दोन्ही पाकिटं उघडावी लागतात. आमची पेनड्राइव्ह लहान आणि प्रत तयार. म्हणून सरळ नव्यानं लक्सफॉरमॅट केलं, ज्यानं मूळ किल्ली आपोआप नवी होते. ताईंनी आपली पासफ्रेज तीच ठेवली, नव्या समुपदेशकासाठी आणि पाकिटांसाठी फासे पुन्हा टाकले, प्रतीच्या पेनड्राइव्हवरून फायली परत आणल्या. त्यानंतर प्रतीच्या पेनड्राइव्हचंही तसंच केलं, आणि दोन्हींच्या हेडरच्या जुन्या प्रती श्रेड या फाइल पुसणाऱ्या आज्ञेनं पुसून नव्या घेतल्या. लॉकरमधलं जुनं पाकीट काकांनी स्वतः जाऊन बदललं आणि तारीख टाकून रजिस्टरमध्ये सही केली. नवी समुपदेशक पुढच्या शुक्रवारी महूला गेली ती आपल्या सात शब्दांसह.